स्वभाव की परिस्थिती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्यक्तिमत्त्व आणि सामाजिक मानसशास्त्र या विषयांवर आलेल्या पत्रांतली आठ या वेळी घेतली आहेत. विषय वरवर वेगळे दिसतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एखादा माणूस असा का वागला, याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं की तो ज्या परिस्थितीत होता तिच्यात? वर्तन हे व्यक्ती आणि तिचा भोवताल या दोन्हींवर मिळून ठरतं, असं सूत्र कर्ट लेविन यांनी १९३६ साली मांडलं. हे सूत्र विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतं, पण रोजच्या वापरात त्यातला भोवताल हमखास गळतो. म्हणून उत्तरांमध्ये आम्ही मुद्दाम त्या बाजूला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या कंपनीत सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी झाली. मला चार अक्षरांचा एक ‘प्रकार’ मिळाला. सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर त्यातली दोन अक्षरं बदलली. एवढ्यात माझा स्वभाव बदलला का? आणि दोन्ही वेळचं वर्णन वाचून ‘अगदी मीच ही’ असं वाटलं, ते कसं?

तुमचा स्वभाव बदललेला नसावा. चाचणीने माणसांना दोन गटांत विभागणारी जी रेघ मारली आहे, तिच्या अगदी जवळ तुम्ही आहात, एवढाच याचा अर्थ.

समजा, बहिर्मुख की अंतर्मुख हे ठरवायला २१ प्रश्न आहेत. पहिल्या वेळी तुमची ११ उत्तरं बहिर्मुख बाजूला गेली आणि १० अंतर्मुख बाजूला, म्हणून तुम्ही ‘बहिर्मुख’ झालात. दुसऱ्या वेळी एका प्रश्नाचं उत्तर जरा विचार करून बदललं की तुम्ही ‘अंतर्मुख’. तुमच्यात फरक पडला एका उत्तराचा आणि कागदावर माणूसच बदलला. असे गुणविशेष मोजले की बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात सापडतात, दोन्ही टोकांना थोडे. म्हणजे रेघ नेमकी जिथे सर्वांत जास्त गर्दी आहे तिथेच मारलेली असते. आता चार अक्षरांचा हिशोब करा. प्रत्येक अक्षर पुन्हा तेच येण्याची शक्यता ८५ टक्के आहे असं धरलं, तरी चारही अक्षरं तीच येण्याची शक्यता ०.८५ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे जेमतेम ५२ टक्के भरते. जवळजवळ निम्म्या लोकांचा ‘प्रकार’ दुसऱ्या खेपेला वेगळा येणार.

अशा चाचण्यांत सर्वांत प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या प्रकार-सिद्धांतावरून ती बेतली. कामावर घेताना उमेदवार निवडण्यासाठी ती वापरू नये, ही भूमिका ती चालवणाऱ्यांचीच आहे. तुमच्याकडे बढतीचे किंवा बदलीचे निर्णय या अक्षरांवर होत असतील, तर ही गोष्ट मनुष्यबळ विभागाच्या कानावर जरूर घाला.

संशोधनात आज जास्त वापर होतो तो पाच गुणविशेषांच्या प्रारूपाचा : नव्या अनुभवांबाबतचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सहमतशीलता आणि भावनिक अस्थिरता. त्यात कप्पे नसून पट्टी असते. ‘तुम्ही बहिर्मुख आहात’ असं सांगण्याऐवजी ‘तुमच्यासारख्या शंभर जणांत साठ जणांपेक्षा तुमची बहिर्मुखता जास्त आहे’ असं सांगता येतं. तुमच्या अहवालात अक्षरांच्या मागचे कच्चे गुण छापले असतील तर तेच वाचा. गुण मध्याच्या जवळ असतील तर ते अक्षर सोडून द्या.

आता ‘अगदी मीच ही’ बद्दल. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, त्यातली बरीच वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘वरून तुम्ही शिस्तीचे दिसता, आतून मात्र कधीकधी काळजी वाटते’ हे वाक्य कोणाला लागू पडत नाही? तुमचा अहवाल तपासायचा असेल तर एक सोपी रीत आहे. तिघाचौघांचे अहवाल घ्या, नावं आणि अक्षरं झाका, कागद मिसळा आणि प्रत्येकाला फक्त वर्णनावरून स्वतःचा कागद ओळखायला सांगा. ओळखता आला नाही तर त्या वर्णनात तुमच्याविषयी खास असं काही नव्हतं.

प्रश्न : पदवीच्या प्रकल्पासाठी बहिर्मुखतेवर पाच पर्यायांची, १० विधानांची प्रश्नावली केली. ४० जणांकडून भरून घेतली. क्रॉनबॅक अल्फा ०.३१ आला. मार्गदर्शक म्हणतात, काहीतरी चुकलंय. काय चुकलं असेल?

अल्फा म्हणजे प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप. तो पडला की सगळ्यात आधी उलटी विधानं बघा. दहापैकी नऊ वेळा घोटाळा तिथेच असतो.

‘मी ओळख नसलेल्यांशी आपणहून बोलतो’ हे सरळ विधान. ‘समारंभात मी एखादा कोपरा गाठतो’ हे उलटं. त्याला ‘पूर्ण सहमत’ म्हणणारा कमी बहिर्मुख, म्हणून त्याचे गुण बेरजेआधी उलटवावे लागतात. १ ते ५ अशी पट्टी असेल तर ६ मधून उत्तर वजा करायचं, ० ते ४ असेल तर ४ मधून. न उलटवता बेरीज केली की काय होतं ते पाहा. हिशोब सोपा जावा म्हणून सातच विधानं घेऊ, चार सरळ आणि तीन उलटी. एका अतिशय बोलक्या माणसाने सरळ विधानांना ५, ४, ५, ४ आणि उलट्यांना १, २, १ दिले. बेरीज २२. एका अबोल माणसाने सरळ विधानांना १, २, १, २ आणि उलट्यांना ५, ४, ५ दिले. बेरीज २०. दोन टोकांची दोन माणसं आणि कागदावर फरक फक्त दोन गुणांचा! आता उलटवून बेरीज करा : पहिल्याचे ३२, दुसऱ्याचे १०. विधानं एकमेकांशी भांडत असतील तर अल्फा पडणारच. कधीकधी तर तो ऋणसुद्धा येतो, आणि अल्फा ऋण आला की उलटवणं राहिलं असं जवळपास खात्रीने समजावं.

हे नीट असेल तर एकेक विधान तपासा. त्या विधानाचे गुण आणि ते विधान वगळून उरलेल्यांची बेरीज, या दोहोंतला सहसंबंध, म्हणजे ते किती एकत्र वरखाली होतात याचं माप, काढा. ०.३० च्या वर असेल तर विधान चांगलं चाललं आहे. ०.२० च्या खाली असेल तर पुन्हा वाचा. बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एखादी खोट सापडते.

एकाच विधानात दोन गोष्टी असतात : ‘मला लोकांत मिसळायला आवडतं आणि मी सहज बोलतो.’ मिसळायला आवडणारा पण कमी बोलणारा माणूस काय उत्तर देईल? तो ३ वर खूण करून पुढे जातो, आणि त्या ३ मधून तुमच्या हाती काही लागत नाही.

विधानात नकार असतो : ‘मला गर्दी आवडत नाही असं नाही.’ याच्याशी असहमत होणं म्हणजे नेमकं काय, हे घाईत भरणाऱ्याला कळत नाही. उलटं विधान नकाराशिवाय लिहा. ‘मी बोलत नाही’ ऐवजी ‘मी गप्प राहणं पसंत करतो’.

विधान भलताच गुण मोजतं. ‘लोकांसमोर बोलायची मला भीती वाटते’ हे ऐकायला बहिर्मुखतेच्या विरुद्ध वाटतं, पण त्यात भीती आहे, म्हणजे ते भावनिक अस्थिरतेकडे झुकतं. विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्यांत हे विधान हटकून असतं, आणि तेच अल्फा खाली ओढतं.

विधानांची संख्याही मोजावी. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.२० असेल, तर दहा विधानांचा प्रमाणित अल्फा ०.७१ येतो आणि पाचच ठेवली तर ०.५६. म्हणजे विधानं तितकीच चांगली असूनसुद्धा, केवळ कमी आहेत म्हणून आकडा पडतो. ०.७० च्या पुढे गेलात की प्रकल्पाला पुरतं. ०.९५ च्या वर गेलात तर खूश होऊ नका, एकच वाक्य दहा वेळा फिरवून विचारल्याची ती खूण असते.

४० ही संख्या कमी आहे, एवढ्यांवर आलेला आकडा पुढच्या ४० जणांत सहज हलतो. जमेल तितकी वाढवा. आणि अजून वेळ असेल तर स्वतः विधानं रचण्यापेक्षा ‘आयपीआयपी’ या खुल्या संग्रहातली घ्या. ती कोणीही परवानगीशिवाय वापरू शकतं. एकाने मराठीत भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचं, आणि जिथे अर्थ सरकला ते विधान दुरुस्त करायचं. मग सहा-सात जणांना ते मोठ्याने वाचून उत्तर देताना ऐका. कुठे अडखळतात ते लगेच कळतं.

प्रश्न : माझी मुलगी लाजाळू आहे. शिक्षिका तिला ‘अंतर्मुख’ म्हणतात. दोन्ही एकच ना?

नाही. अंतर्मुख मुलीला एकटं राहणं किंवा एकदोघींतच रमणं आवडतं, आणि लोकांत जावं लागलं तर ती जाते, बोलते, फक्त लवकर दमते. लाजाळू मुलीला लोकांत जायचं असतं, पण आपल्याला नावं ठेवतील या भीतीने पाय अडतो. खेळणाऱ्या मुलींकडे ती दुरून बघत उभी राहते का, की आपलं पुस्तक घेऊन खुशाल बसते? हे दोन-तीन ठिकाणी पाहा. बघत उभी राहत असेल तर तिला हळूहळू सवय हवी : आधी एका ओळखीच्या मुलीला घरी बोलावणं, मग तिच्यासोबत दोघी-तिघींत जाणं. पुस्तकात रमत असेल तर तिला तिच्या मनासारखं राहू द्या. आणि पाहुण्यांसमोर ‘ही फार लाजरी हं’ असं तिच्या देखत म्हणणं आजपासून बंद करा.

प्रश्न : माझा एक सहकारी सतत उशिरा येतो. तो बेजबाबदार आहे असं माझं मत झालंय. पण तुमच्या सदरात नेहमी ‘परिस्थिती पाहा’ असं असतं. मग कोणालाच जबाबदार धरायचं नाही का?

धरायचं, पण आधी तीन प्रश्न विचारून. हॅरल्ड केली यांनी १९६७ साली मांडलेली ही पद्धत इतकी उपयोगी आहे की प्रत्येक पर्यवेक्षकाला ती यायला हवी असं आम्हाला वाटतं.

पहिला प्रश्न, या कामाला इतरही उशिरा येतात का? दुसरा, हा माणूस इतर ठिकाणीही असाच उशीर करतो का, की फक्त इथेच? तिसरा, हे नेहमीचं आहे की या आठवड्यातलं? इतर वेळेवर येतात, हा सगळीकडे उशीर करतो आणि नेहमीच करतो, असं असेल तर कारण बऱ्याच अंशी त्याच्यात आहे. इतरही उशिरा येतात, हा बाकी कामं वेळेवर करतो आणि इथला उशीर मात्र रोजचा, तर त्या बैठकीच्या वेळेत किंवा ठिकाणात खोट आहे. आणि मुळात हे अधूनमधूनच घडत असेल, तर त्या त्या दिवशी काय झालं होतं ते विचारा, स्वभावावर शिक्का मारू नका.

घोळ होतो तो असा की दुसऱ्या प्रश्नाची माहिती आपल्याकडे नसते. सहकारी आपल्याला एकाच ठिकाणी दिसतो. तिथला त्याचा वावर म्हणजेच तो, असं आपण धरून चालतो. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ साली फिडेल कॅस्ट्रोंच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध लोकांना वाचायला दिले. लेखकाला बाजू नेमून दिली होती, त्याला निवड नव्हती, हे स्पष्ट सांगूनही वाचकांनी बाजूने लिहिणाऱ्याला कॅस्ट्रोंचा जास्त समर्थक ठरवलं. परिस्थिती माहीत असूनही ती हिशोबात घेतली गेली नाही. ली रॉस यांनी १९७७ साली या चुकीला ‘मूलभूत गुणारोपण दोष’ असं नाव दिलं. पाठ्यपुस्तकांत त्यालाच जोडून येणारी दुसरी गोष्ट, म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण स्वभावात शोधतो आणि स्वतःच्या वागण्याचं परिस्थितीत, ही मात्र तितकी पक्की नाही. बर्ट्रम माले यांनी २००६ साली १७३ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो फरक सरासरीने शून्याच्या आसपास निघाला.

म्हणून स्वभाव असा काही नसतोच का? वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली दाखवलं की गुणविशेषाच्या गुणांवरून एखाद्या प्रसंगातल्या वागण्याचा अंदाज बांधला तर सहसंबंध ०.३० च्या वर क्वचितच जातो. पुष्कळांनी याचा अर्थ ‘व्यक्तिमत्त्व हे थोतांड’ असा लावला. पण १९७९ साली सेमूर एपस्टाइन यांनी बऱ्याच दिवसांच्या वागण्याची सरासरी घेतली, आणि सातत्य भरपूर दिसलं. एका सोमवारवरून सहकाऱ्याचा स्वभाव कळणार नाही, दोन महिन्यांच्या नोंदींवरून कळू शकेल. तेव्हा तीन-चार आठवडे तारीख, वेळ आणि कुठलं काम होतं एवढंच टिपा. ‘सकाळची बैठक असेल तर उशीर, दुपारची असेल तर वेळेवर’ असा काही आकृतिबंध निघाला, तर बोलायला ठोस मुद्दा मिळतो. ‘तू बेजबाबदार आहेस’ यावर तो फक्त भांडेल.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांच्या प्रस्तावाला सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर जो तो म्हणतो, ‘मला पटलं नव्हतं.’ माणसं इतकी भित्री का असतात?

भित्री म्हणण्याआधी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या प्रयोगाच्या खोलीत जाऊन बसू. सात-आठ जण एका रांगेत आहेत. समोर एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तीनपैकी कोणती पहिलीएवढी आहे, ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. उत्तर उघड आहे. एकटं बसवून विचारलं तर चुका शंभरात एकही होत नाही. पहिल्या दोन फेऱ्या सुरळीत जातात. तिसऱ्या फेरीत पहिला माणूस चुकीच्या रेघेचं नाव घेतो. दुसराही तेच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे शांतपणे तेच. हे सगळे आधी पढवलेले आहेत, ज्याच्यावर प्रयोग चालू आहे तो एकटाच खरा, आणि त्याची पाळी शेवटून दुसरी आहे. अशा १८ फेऱ्यांपैकी १२ मध्ये गट मुद्दाम चुकतो.

१९५१ ते १९५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत त्या १२ फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटाबरोबर वाहत गेली. चौघांतले तिघे निदान एकदा तरी वाहवले. हा आकडा सगळे सांगतात. दुसरा कमी सांगितला जातो : उरलेली ६३ टक्के उत्तरं बरोबर होती आणि चौघांतला एक जण एकदाही ढळला नाही.

तुमच्या बैठकीसाठी खरा माल पुढच्या बदलांत आहे. समोर एकच माणूस चुकीचं बोलत असेल तर वाहवण्याचं प्रमाण ३.६ टक्के, दोघे असतील तर १३.६, तिघे असतील तर ३१.८. त्यापुढे संख्या वाढवून फारसा फरक पडत नाही. आणि गटातला एकच माणूस खरं उत्तर देणारा ठेवला, की वाहवणं जवळपास चौथ्या हिश्शावर येतं. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचं असेल तेव्हाही ते बरंच घटतं. स्टॅन्ली मिलग्रम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगात हेच दिसलं. तिथे प्रयोगकर्ता सांगेल तसे दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यायचे होते; झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले, पण शेजारी बसवलेल्या दोघांनी मध्येच नकार दिला त्या प्रयोगात ४० पैकी चारच.

माणसं तीच, ठेवण बदलली. म्हणून बैठकीची ठेवण बदला. प्रस्ताव आदल्या दिवशी पाठवा. चर्चेआधी प्रत्येकाला पाच मिनिटं द्या आणि चिठ्ठीवर मत आणि एक शंका लिहून घ्या. नावाशिवाय चिठ्ठ्या मोठ्याने वाचा. मग बोलताना सर्वांत नव्या सदस्यापासून सुरुवात, अध्यक्ष शेवटी. हा क्रम उलटा झाला की चिठ्ठ्यांचा उपयोग संपतो, आणि बहुतेक ठिकाणी तो उलटाच असतो. ‘कोणाला काही हरकत?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर गप्प राहणं हेच असतं. ‘हे फसलं तर कशामुळे फसेल?’ असं विचारा. एखाद्याला मुद्दाम विरोधाची भूमिका नेमून देण्याचा सल्लाही दिला जातो. नसण्यापेक्षा बरा, पण नेमलेला विरोधक खऱ्या विरोधकाइतका विचार हलवत नाही, कारण तो मनापासून बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

प्रश्न : अपघात झाला की भोवती बघ्यांची गर्दी जमते, पुढे कोणी होत नाही. समाजातली माणुसकी संपली का?

जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ साली विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला झटका आल्याचं ऐकू यायचं. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत असेल तर झटका आलेला माणूस बोलत असतानाच ८५ टक्के जण मदतीला निघाले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटलं तर ६२ टक्के, आणखी चौघे ऐकतायत असं वाटलं तर ३१ टक्के. जे उठले नाहीत तेही निवांत नव्हते. हात थरथरत होते, घाम फुटला होता. ‘दुसरं कोणी उठलं असेल’ या विचारात ते अडकले होते.

मदतीपर्यंत पाच पायऱ्या असतात : लक्षात येणं, हे संकट आहे असं समजणं, जबाबदारी आपली मानणं, काय करायचं ते कळणं, आणि प्रत्यक्ष करणं. गर्दी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर घात करते. प्रत्येक जण दुसऱ्याचा शांत चेहरा बघून ‘फार काही नसेल’ असं ठरवतो. तेव्हा संकटात तुम्ही असाल तर ‘कोणीतरी मदत करा’ असं ओरडू नका. एका माणसाकडे बोट दाखवा, काय झालं ते सांगा आणि एकच काम द्या : ‘निळा शर्टवाले दादा, मला श्वास घेता येत नाहीये, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा.’ दुसऱ्याला ‘रस्त्यावरची वाहनं थांबवा’. बघे असाल तर मोठ्याने बोला : ‘मला वाटतं यांना लागलंय, मी जातोय.’ पहिला माणूस हलला की बाकीचेही हलतात.

माणुसकीबद्दल म्हणाल, तर अ‍ॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाऊन इथल्या सार्वजनिक कॅमेऱ्यांत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास झाला आहे. दहापैकी नऊ भांडणांत निदान एक तरी त्रयस्थ मध्ये पडला, आणि माणसं जास्त असतील तिथे कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता वाढलेलीच दिसली. एकेकट्याची शक्यता घटते, पण माणसं पुष्कळ असतात. न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोव्हीज या तरुणीच्या १९६४ सालच्या खुनाची ‘३८ जण नुसते बघत राहिले’ ही कथाही त्या रूपात खरी नाही. त्यातल्या बहुतेकांनी फारसं काही पाहिलंच नव्हतं.

प्रश्न : परीक्षेत स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगावर टीप आली तर काय लिहावं?

१९७१, फिलिप झिम्बार्डो, निवडलेले २४ विद्यार्थी, खोट्या तुरुंगात काहींना कैद्याची आणि काहींना पहारेकऱ्याची भूमिका, दोन आठवड्यांचा बेत, सहाव्या दिवशी बंद, हे लिहाच. पण ‘भूमिका दिली की सज्जनही आपोआप क्रूर होतो’ असा निष्कर्ष लिहू नका. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या, प्रयोगकर्ते स्वतः तुरुंगाधिकारी म्हणून आत होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ही तीन वाक्यं लिहिणाऱ्याला चांगले गुण मिळायला हवेत.

प्रश्न : वय ४५. चिडका स्वभाव आहे, घरचे त्रासले आहेत. या वयात स्वभाव बदलतो का, की ‘जित्याची खोड’ हेच खरं?

बदलतो, पण थोडा आणि सावकाश. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ९२ गटांचे दीर्घ अभ्यास एकत्र केले. कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य वयाबरोबर वाढतात, सर्वांत जास्त २० ते ४० या वर्षांत, आणि त्यानंतरही बदल थांबत नाही. त्यांनीच २०१७ साली उपचारांवरचे २०७ अभ्यास तपासले, तेव्हा सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनंतर सर्वांत जास्त सुधारणा भावनिक स्थैर्यात दिसली. नेमका तुमचा विषय.

नुसत्या इच्छेने मात्र होत नाही. नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी १५ आठवडे लोकांना दर आठवड्याला छोटी कामं निवडायला दिली. ज्यांनी ती पुरी केली त्यांच्यात बदल दिसला, नुसती निवडून सोडून दिली त्यांच्यात नाही. म्हणून काम इतकं लहान घ्या की ते होईलच. ‘मी शांत राहीन’ हे काम नव्हे, ते केलं की नाही हे रात्री सांगताच येत नाही. आधी एक आठवडा फक्त नोंद करा : कधी, कोणावर, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं होतं. बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीनच प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, भूक, घाई, एखादा ठराविक विषय. त्यातल्या एकासाठी ‘जर-तर’ वाक्य लिहा : ‘जर कामावरून आल्या आल्या मला कोणी हिशोब विचारला, तर मी म्हणेन, हातपाय धुऊन दहा मिनिटांत बसू.’ पीटर गॉलविट्झर यांनी अशा वाक्यांचा परिणाम वर्षानुवर्षं अभ्यासला आहे. नुसत्या संकल्पापेक्षा ती कितीतरी जास्त पाळली जातात, कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही.

एक वाक्य दोन-तीन आठवडे चाललं की मगच दुसरं. सुरुवातीलाच घरातल्या एकाला तुमच्या चिडण्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगा, कागद बंद करून ठेवा, आणि तीन महिन्यांनी त्याच माणसाकडून पहिला कागद न दाखवता पुन्हा घ्या. स्वतःच्या अंदाजापेक्षा त्यावर विसंबा. चिडण्यासोबत झोप उडाली असेल, उदास वाटत असेल किंवा हात उगारला जात असेल, तर तीन महिने थांबू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.